इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि त्या रात्रीची हुडहुडी : नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं (यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं) निदान झाल्यावर अनेकांना इंटरफेरॉन बीटाचं इंजेक्शन लिहून दिलं जातं. सोबत एक वाक्य मिळतं, "इंजेक्शननंतर फ्लूसारखं वाटेल, घाबरू नका." ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडे तेवढाच वेळ असतो. पण ते कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, गोळी आधी घ्यायची की नंतर, आणि कोणत्या तापाला खरंच घाबरायचं, हे घरी आल्यावर आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. या गोंधळात काही जण दोन-तीन इंजेक्शनांनंतर औषध परस्पर बंद करून टाकतात. एमएसमध्ये ते परवडत नाही. ताप सांभाळता येतो. पायातली गेलेली ताकद किंवा डोळ्याची नजर पूर्ण परत येईलच असं नसतं.

मी पुण्यात राहते आणि आठवड्यातून एकदा मांडीच्या स्नायूत घ्यायचं इंटरफेरॉन बीटा-१ए बरीच वर्षं घेते आहे. मी डॉक्टर नाही. खाली जिथे औषधाचा किंवा डोसाचा उल्लेख आहे, तिथे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलेलंच अंतिम समजा.

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगते. इंजेक्शनचा ताप वेळ पाळतो. ठरावीक तासांनी चढतो आणि ठरावीक तासांत उतरतो. जो ताप ही वेळ पाळत नाही, तो इंजेक्शनचा आहे असं धरून बसायचं नाही. खालची सगळी खटपट यासाठीच, की पहिला ताप सुसह्य व्हावा आणि दुसरा चटकन ओळखता यावा.

१. हा ताप कशामुळे येतो ते समजून घ्या

इंटरफेरॉन हे काही परकं रसायन नाही. विषाणूचा संसर्ग झाला की आपल्याच पेशी ते तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना सावध करतात. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये फ्लूच्या विषाणूवर काम करताना ते शोधलं. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, थंडी वाजते, डोकं ठणकतं, त्यातलं बरंचसं विषाणूमुळे नाही तर शरीराच्या या प्रतिकारामुळे होतं. इंजेक्शननं आपण तोच निरोप बाहेरून देतो. विषाणू नसतो, पण शरीर तो आल्यासारखं वागतं.

म्हणून हा ताप संसर्गाचा नाही. तो घरच्यांना लागणार नाही आणि त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. "ताप आला म्हणजे औषध लागू पडतंय" असंही काही जण सांगतात, त्यावर विसंबू नका. ज्यांना अजिबात ताप येत नाही त्यांनाही औषधाचा फायदा होतो, तेव्हा ताप आला नाही म्हणून काळजी करायचं कारण नाही.

साधारणपणे इंजेक्शननंतर तीन ते सहा तासांनी कणकण सुरू होते आणि चोवीस तासांच्या आत ओसरते. पहिले काही आठवडे जोर जास्त असतो. बहुतेकांच्या अंगाला दोन-तीन महिन्यांत सवय होते. काहींना त्यानंतरही अधूनमधून अंगदुखी राहते, पण ती पहिल्या महिन्यासारखी नसते.

२. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस आहे का, ते विचारा

हा प्रश्न पहिल्या इंजेक्शनच्या आधीच विचारायचा आहे. इंटरफेरॉन हळूहळू वाढवत नेलं तर त्रास बराच कमी होतो, आणि औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही ती पद्धत दिलेली असते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ३० मायक्रोग्रॅमच्या ॲव्होनेक्समध्ये पहिल्या आठवड्यात पाव डोस, मग दर आठवड्याला पाव वाढवत चौथ्या आठवड्यात पूर्ण डोस. आठवड्यातून तीनदा घ्यायच्या ४४ मायक्रोग्रॅमच्या रेबिफमध्ये पहिले दोन आठवडे ८.८, पुढचे दोन आठवडे २२, आणि पाचव्या आठवड्यापासून ४४. एक दिवसाआड घ्यायचं बीटाफेरॉनही असंच पायरीपायरीनं २५० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात.

भरलेल्या सिरिंजमधून पाव डोस घरच्या घरी अंदाजानं काढायचा नाही. तो नर्सकडून किंवा डॉक्टरांनी दाखवलेल्या पद्धतीनंच.

याच्याशीच जोडलेला एक सापळा आहे. आजारपण, प्रवास किंवा स्टॉक संपल्यामुळे काही आठवडे खंड पडला, तर अंगाची सवय मोडते आणि पुन्हा पहिल्यासारखा ताप भरू शकतो. अशा वेळी थेट पूर्ण डोस घ्यायचा की परत कमीपासून सुरू करायचं, ते फोन करून विचारा. एखादं इंजेक्शन राहिलं म्हणून पुढच्या वेळी दोन घेणं तर कधीच नाही.

३. वार आणि वेळ स्वतःच्या आठवड्याला बघून ठरवा

बहुतेक डॉक्टर संध्याकाळी किंवा झोपण्याआधी घ्यायला सांगतात, म्हणजे सगळ्यात वाईट तास झोपेत निघून जातात. मी रात्री आठच्या सुमारास घेते. त्याआधी हलकं जेवण, मग साडेदहाला अंथरूण. थंडी भरेपर्यंत झोप लागलेली असते.

काहींचा अनुभव उलटा आहे. रात्री घेतलं की झोपमोड होते आणि सकाळी डोकं जड राहतं, त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी घेतलेलं त्यांना सोसतं. तेव्हा एकाच वेळेला चिकटून राहू नका, पण दर आठवड्याला बदलूही नका. एक वेळ महिनाभर पाळा, मग ठरवा. आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन असेल तर शुक्रवार किंवा शनिवार सोयीचा. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नाही, एवढं नक्की करा. घरात लग्नकार्य, गणपती किंवा परीक्षा असेल तर दिवस मागेपुढे करता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

४. सामान आणि कागदपत्रं

इंजेक्शनच्या दिवशी दुपारीच हे सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेवा. रात्री थंडी भरल्यावर शोधाशोध होत नाही.

- डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी, दोन वेळांची
- थर्मामीटर (डिजिटल, सेल चालू आहे ना ते बघून)
- दोन पातळ पांघरुणं आणि बदलायला एक सुती कपड्यांचा जोड
- पाण्याची बाटली, झाकणाची
- स्पिरिट, कापूस आणि बर्फाची छोटी पिशवी
- सुया टाकायला जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा
- वही आणि पेन

फाइलमध्ये हे असू द्या: चालू प्रिस्क्रिप्शन, एमआरआयचा रिपोर्ट, औषध सुरू करण्याआधीचे रक्ताचे रिपोर्ट (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर फंक्शन, आणि थायरॉइडसाठी टीएसएच), इतर सगळ्या गोळ्यांची यादी आणि न्यूरॉलॉजिस्टचा फोन नंबर. सीबीसी आणि लिव्हर फंक्शन सहसा पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा करायला सांगतात. त्या तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका, कारण बरं वाटायला लागलं की त्या हमखास राहून जातात.

औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. मेडिकलवाल्याकडून थर्माकोलच्या बॉक्समध्येच घ्या, आणि आइसपॅक खोक्याला थेट चिकटलेला नाही ना ते बघा. घरी एका दाराचा फ्रिज असेल तर फ्रीझरच्या लगेच खालचा कप्पा टाळा. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही.

५. गोळी कधी, किती आणि कशासोबत नाही

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ताप चढल्यावर गोळी घेण्यापेक्षा चढण्याआधी घेतलेली जास्त काम करते. मला न्यूरॉलॉजिस्टनी इंजेक्शनच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल ६५० आणि गरज लागली तर सहा तासांनी दुसरी असं सांगितलं आहे. दुसऱ्या गोळीची वेळ मध्यरात्री येते, म्हणून ती पाण्यासकट उशाशी ठेवायची. झोप लागली असेल तर मुद्दाम उठून घ्यायची गरज नाही.

पॅरासिटामॉलची मोठ्या माणसासाठीची कमाल मर्यादा चोवीस तासांत ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल तर ती बरीच कमी होते. इंटरफेरॉननंही लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे एकाच अवयवावर दोन्हीकडून ओझं. तेव्हा तुमच्यापुरता आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि इंजेक्शनच्या दिवशी दारू नको.

आता सापळा. डोलो, क्रोसिन, कालपोल ही वेगवेगळी औषधं वाटतात, पण तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असतं. संध्याकाळी डोलो, रात्री डोकं दुखतं म्हणून कॉम्बिफ्लाम, सकाळी नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी, असं झालं की बेरीज कुठे गेली ते कळत नाही. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

पॅरासिटामॉलनं भागलं नाही तर डॉक्टर आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन देतात. ते पोटात काहीतरी असतानाच घ्यायचं. ॲसिडिटीचा जुना त्रास, अल्सर, किडनीचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण यातलं काहीही असेल तर आधी सांगा. फारच त्रास होत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत स्टेरॉइडचा छोटा डोसही देतात, पण तो निर्णय सर्वस्वी त्यांचा. शेजारच्या मेडिकलमधून "तापाची स्ट्राँग गोळी" आणू नका.

६. टोचताना

सिरिंज अर्धा तास आधी फ्रिजमधून काढा आणि टेबलावर नुसती ठेवा. गरम पाण्यात किंवा उन्हात नको. थंड औषध जास्त दुखतं. जागा दर वेळी बदला: या आठवड्यात उजवी मांडी, पुढच्या आठवड्यात डावी. त्वचेखाली घ्यायच्या इंजेक्शननं लाल चट्टे राहतात, तिथे लगेच परत टोचू नका. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती तशीच डब्यात जाते. डबा भरला की दवाखान्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही. कचरा वेगळा करणाऱ्या ताई हातानं तो निवडतात.

७. ती रात्र

आधी पायाची बोटं गार पडतात. मग कमरेतून शहारा वर चढतो, नखं निळसर दिसतात, आणि मे महिन्यात बाहेर पंखा फिरत असताना माणूस पांघरुणात दात वाजवत असतो. पहिल्यांदा बघणाऱ्या आई-वडिलांना किंवा नवऱ्याला हे भयंकर वाटतं, म्हणून त्यांना दिवसाच समजावून ठेवा.

हुडहुडी भरलेली असताना पांघरूण घ्या, पण एक जाड गोधडी घेण्यापेक्षा दोन पातळ बरी. थंडी थांबून अंग तापलं की एक काढा, घाम फुटला की दुसरंही काढून कपडे बदला. थंडी संपल्यावरही गोधडीत गुरफटून राहिलं तर ताप आणखी चढतो, आणि एमएसमध्ये चढलेला ताप वेगळा छळतो (पुढच्या मुद्द्यात बघा). कपाळावर साध्या पाण्याची पट्टी चालेल. थंडी वाजत असताना गार पाण्यानं अंग पुसू नका.

दिवसभर पाणी पीत राहा. एमएसमध्ये लघवी आवरत नाही म्हणून बरेच जण मुद्दाम कमी पितात. त्या दिवशी तसं केलंत तर डोकेदुखी दुप्पट होते. ताक, भाताची पेज, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, काहीही चालेल. रात्री जड किंवा तेलकट नको. मुगाची खिचडी पुरे.

एक गोष्ट आवर्जून करा. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी ठेवा, तिथे छोटा दिवा लावून ठेवा आणि पलंगाजवळ टेकायला एक खुर्ची ठेवा. त्या रात्री पाय भरवशाचे नसतात. रात्री उठताना पडून हात मोडला, तर त्यापुढे ताप काहीच नाही. आधी पलंगावर मिनिटभर बसा, मग उभं राहा.

८. पाय जड झाले, नजर धूसर झाली तर

ताप असताना जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात. ज्या डोळ्याला आधी त्रास झाला होता त्यानंच धूसर दिसतं, ज्या पायात अशक्तपणा होता तोच ओढावा लागतो, मुंग्या वाढतात, स्नायू आखडतात. याला उथॉफ फिनॉमिनन म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये त्याची नोंद केली. ज्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं, त्यांच्यातून जाणारा संदेश शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी अडखळू शकतो. नवी इजा होत नसते. ताप उतरला की हे उतरतं.

एमएसचा नवा अटॅक आला असं वाटून रात्री दोनला हॉस्पिटल गाठणारे पुष्कळ असतात. ताप उतरल्यावर लक्षण गेलं का, एवढं बघा. ताप गेला आणि चोवीस तासांनंतरही लक्षण तसंच असेल, किंवा पूर्वी कधीच नसलेलं लक्षण आलं असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना कळवायलाच हवं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. एप्रिल-मेमध्ये इंजेक्शनच्या रात्री खोली आधीच गार करून ठेवा. भारनियमन असेल त्या भागात ओलं सुती उपरणं मानेभोवती घेतलं तरी फरक पडतो.

९. वहीत लिहा

साधी वही पुरते. प्रत्येक इंजेक्शनची एक ओळ. नमुना असा:

"शुक्रवार, रात्री ८, डावी मांडी. ७.३० ला ६५०. थंडी ११.४५. ताप १००.८. दुसरी गोळी २ ला. सकाळी ७ ला ९८.६. अंगदुखी दुपारपर्यंत. उजवा पाय जड, दुपारी ठीक."

चार-सहा आठवड्यांत तुमचं स्वतःचं वेळापत्रक डोळ्यासमोर येतं. "त्रास होतो" असं सांगितलं तर डॉक्टर "होईल कमी" म्हणतात. वही पुढे केली की ते गोळीची वेळ बदलतात, डोस थांबवून परत वाढवतात, गरज पडली तर औषधच बदलायचा विचार करतात. आता तोंडानं घ्यायच्या गोळ्या आणि सलाइनमधून द्यायची औषधं असे पर्याय आहेत. कित्येक महिने गेल्यावरही दर आठवड्याचे दोन दिवस वाया जात असतील, तर त्यांच्याबद्दल विचारण्यात गैर काही नाही. मात्र बंद करायचं ते विचारूनच.

१०. पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर हा महाराष्ट्रात डेंग्यू आणि मलेरियाचा हंगाम. इंजेक्शनच्या माणसाला या दिवसांत सगळ्यात मोठा धोका असतो तो "इंजेक्शनचाच असेल" या समजुतीचा. दर आठवड्याला ताप येण्याची सवय झालेली असते, घरचेही निश्चिंत असतात, आणि खऱ्या तापाचे पहिले दोन दिवस तसेच जातात.

इथे वही कामाला येते. तुमचा ताप दर वेळी सकाळपर्यंत उतरत असेल आणि या वेळी दुसऱ्या रात्रीही आहे, किंवा इंजेक्शनच्या आदल्या दिवशीच आला आहे, तर तो दुसराच धरा. डोळ्यांच्या मागे दुखणं, उलट्या, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, घसादुखी, खोकला, लघवीला जळजळ, यातलं काहीही सोबत असेल तरी तसंच. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग वारंवार होतो, तो विसरू नका.

अशा तापात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलच घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. फॅमिली डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की तुम्ही इंटरफेरॉन घेता. या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि डेंग्यूतही होतात. तुमचा जुना सीबीसी जवळ असेल तर नव्या रिपोर्टमधला फरक त्यांना लगेच कळतो. त्या आठवड्याचं इंजेक्शन घ्यायचं की थांबायचं, ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

११. लगेच फोन कधी करायचा

धाप लागणं, चेहरा किंवा ओठ सुजणं, अंगभर गांधी उठणं: वाट न बघता हॉस्पिटल. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, भूक पार जाणं: त्याच दिवशी डॉक्टर, हे लिव्हरचं असू शकतं. इंजेक्शनची जागा काळी पडणं, तिथे जखम होऊन पाणी येणं: तिथे परत टोचायचं नाही, दाखवायचं.

आणि मन. इंटरफेरॉन सुरू केल्यावर काहींना खोल उदासी येते, झोप उडते, जगणं नकोसं वाटतं. आजाराच्या दुःखात हे सहज झाकलं जातं. तापाच्या दुसऱ्या दिवशी थोडं उदास वाटणं वेगळं, पण हे पुढच्या इंजेक्शनपर्यंत टिकत असेल तर तेही औषधाचा परिणाम म्हणूनच डॉक्टरांना सांगा, आणि पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

१२. ऑफिस आणि प्रवास

ऑफिसमध्ये किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दर आठवड्याला एक सकाळ उशिरा यायची सवलत हवी असेल, तर न्यूरॉलॉजिस्टचं छोटं पत्र पुरतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणी बोलायला आधार असतो.

विमानानं जाताना इंजेक्शन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं. सोबत प्रिस्क्रिप्शन आणि सिरिंजचा उल्लेख असलेलं डॉक्टरांचं पत्र असू द्या. एसटी किंवा रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला इंजेक्शनची रात्र लागून येऊ देऊ नका. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या, नाहीतर निघण्याआधी दोन दिवस, अर्थात डॉक्टरांच्या परवानगीनं.

याउपर काही अडलं तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था १९८५ पासून काम करते आहे आणि मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. हेच इंजेक्शन घेणारं कुणीतरी तिथे भेटतं, आणि पहिल्या महिन्यात अशा माणसाशी फोनवर झालेलं बोलणं फार उपयोगी पडतं.